बिदाईचा रुमाल

व्यवसायातले अनुभव लिहून द्या, असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा आमचे मिस्टर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "भुवया उपटण्यावर किती लिहिणार तू?" त्यांना काय सांगायचं! ब्यूटी पार्लर म्हणजे भुवया उपटायचं दुकान, असं अर्ध्या गोंदियाला वाटतं. उरलेल्या अर्ध्याला वाटतं, आम्ही काळ्याचं गोरं करून देतो. खरं म्हणजे आम्ही दिवसभर ऐकत असतो, आणि ऐकता ऐकता हात चालू ठेवतो.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत मी पार्लर टाकलं, तेव्हा आजूबाजूला बांध्या, म्हणजे धानाची शेतं होती. आता घराला घर लागलंय आणि दारात गाड्या लावायला जागा नाही. गेल्या वर्षापासून पार्लर सून बघते. मी मागच्या खोलीत बसून तिच्यावर लक्ष ठेवते. तिला ते आवडत नाही, आणि तिला आवडत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. भुवया करताना धाग्याचं एक टोक माझ्या दातात असतं, बोटांत फास असतो, आणि समोरची बाई डोळे मिटून स्वतःच्याच हातांनी कपाळ आणि पापणी ताणून धरते. म्हणजे तिला दिसत नाही आणि मला बोलता येत नाही. मनातलं बाहेर काढायला याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही. देवळात बायका जे बोलत नाहीत ते माझ्या खुर्चीत बोलून गेल्या. म्हणून पहिल्यापासून माझा एक नियम आहे, खुर्चीतलं बोलणं खुर्चीतच राहायचं. एकीचं दुसरीला कळलं तर पार्लर आठवड्यात बंद पडेल. इथे लिहिताना नावं मी बदलली आहेत, तेवढी सूट मला द्या.

त्या खुर्चीत मी सुखाबद्दल जितकं ऐकलं तितकं कुठल्या प्रवचनात ऐकलं नसेन. जवळजवळ सगळ्यांचं सुख पुढच्या स्टॉपवर उभं असायचं. सरकारी कचेरीतल्या एक मॅडम होत्या. क्वार्टरमधून निघून स्वतःच्या घरात गेले की मी सुटले, म्हणायच्या. घर झालं. मग वरचा मजला चढला की सुटले. तोही चढला. आता वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कधी जातात, याची वाट बघतात. गेल्या महिन्यात सुनेकडे येऊन त्यांनी तेच सुरू केलं, आणि मागच्या खोलीत मी तोंडावर पदर धरून हसत होते. बाई मोठ्या मनाच्या आहेत, त्यांच्यासमोर हसले असते तरी रागावल्या नसत्या.

दुसऱ्या एक भाभी, शहरातल्या, बाजारात मोठं कापड दुकान असलेल्या घरातल्या. घरात भरपूर माणसं, सगळं आनंदाचं. पुतण्याच्या लग्नाला तयार होताना मला म्हणाल्या, "दीदी, ऐसा मेकअप करना कि फोटो में खुश दिखूँ." मी म्हटलं, "भाभी, उसके लिए तो हँसना पड़ेगा." त्या घाबरून म्हणाल्या, "ना बाबा! हँसने से लाइनें पड़ती हैं." त्यांचा मेकअप सुंदर झाला. पण लग्नभर त्यांनी चेहरा असा जपला, की पाहुण्यांनी येऊन येऊन विचारलं, भाभींची तब्येत बरी नाही का?

आणि एक आजी. शेजारच्या गल्लीतल्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आल्या, "केस काळे कर अन् भुवया कर." मी म्हटलं, आजी, दवाखान्यात कोण बघणार आहे? तर म्हणतात, "पट्टी काढल्यावर डॉक्टर आरसा देईन ना. मीच पाहीन ना मले!" आठवड्याने काळा चष्मा लावून त्या पुन्हा हजर, आणि दारातूनच भांडायला सुरुवात. "एवढ्या सुरकुत्या कधी आल्या माह्या तोंडावर? तू सांगतली काऊन नाई?" मग खुर्चीत बसल्या आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवरचं लिहिलेलं मोठ्याने वाचत राहिल्या. माझ्या भिंतीवरची पालसुद्धा त्यांना फार आवडली. त्या दिवशी माझी दोन गिऱ्हाइकं त्यांच्या गोंधळाला कंटाळून परत गेली, पण मला त्यांना उठवावंसं वाटलं नाही.

पण लोकांना सगळ्यात मोठा गैरसमज असतो तो नवरीबद्दल, आणि माझं खरं काम नवरीचंच.

आमच्याकडे पाठवणीला बिदाई म्हणतात. मुलगी सासरी निघते आणि मंडपातली सगळी माणसं रडतात. माझ्या धंद्याच्या दृष्टीने बिदाई म्हणजे दिवसभराच्या मेहनतीवर पाणी, आणि हे मी शब्दशः सांगतेय. म्हणून काजळ पाण्याने न पसरणारं घ्यायचं. नवरीच्या मुठीत टिश्यूची घडी द्यायची. तिला आधीच शिकवून ठेवायचं, "खाली बघून रडायचं. थेंब सरळ मांडीवर पडला पाहिजे, गालावर येता कामा नये." मुली बिचाऱ्या मान हलवतात आणि ऐन वेळी बापाच्या खांद्यावर तोंड घासतात.

याच्या उलटही असतं, आणि ते कुणी उघड बोलत नाही. काही मुलींना रडूच येत नाही. दुःख नसतं असं नाही. पहाटेपासून उपाशी, तासन्‌तास स्टेजवर उभ्या, दागिन्यांनी मान आखडलेली. बिदाईची वेळ येते तेव्हा त्यांना फक्त झोप हवी असते. पण व्हिडिओवाला समोर, सगळं गाव समोर. अशा वेळेसाठी आम्हा पार्लरवाल्यांकडे एक रुमाल असतो. त्याच्या एका कोपऱ्याला डोकेदुखीचा बाम चोळलेला असतो. कोपरा नुसता डोळ्याजवळ न्यायचा, डोळ्याला लावायचा नाही. बाकीचं काम बाम करतो.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कामठ्याच्या अनुसयाबाई माझ्याकडे आल्या. धानाची शेती असलेलं पोवार कुटुंब, एकुलती एक मुलगी भाग्यश्री, तिचं लग्न चार दिवसांवर. नवरीचा मेकअप माझ्याकडेच होता, म्हणून मला वाटलं पैशाचं किंवा वेळेचं काही बोलायला आल्या असतील. बाई पार्लरमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. खुर्चीत बसायला तयार नाहीत, स्टुलावर टेकल्या. खोलीत दुसरं कुणी नाही हे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, असा काही लावता येते का, का पोरीच्या डोळ्यात पानी येईन?"

मी म्हटलं, "बाई, मी इतकी वर्षं पाणी येऊ नये म्हणून धडपडतेय."

त्या हसल्या नाहीत. मुलगा भाग्यश्रीने स्वतः पसंत केलेला, कॉलेजात ओळख झालेली. निखिल त्याचं नाव, सडक अर्जुनीचा, हायवेवर त्यांचा ढाबा आहे. दोन्ही घरं राजीखुशी होती. अडचण एवढीच, की लग्न ठरल्यापासून पोरगी नुसती हसत होती. साखरपुड्याला हसली, बस्त्याला हसली, देवाला निमंत्रण द्यायला गेले तिथेही हसली.

"माह्या नणदेची पोट्टी मागच्या साली बिदाईत अशी रडली का चक्कर येऊन पडली," अनुसयाबाई म्हणाल्या. "सारे म्हनत, पाहा, मायची किती मया! अन् आता नणद मले म्हनते, वहिनी, तुही भाग्यश्री तं दात काढूनच गाडीत बसन. गावात सारे म्हनून राहिले, घरात सुख नसन म्हनून जाची एवढी खुशी."

मी म्हटलं, लोकांचं काय घेऊन बसता. पण गोष्ट लोकांची नव्हतीच. त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "मी तिले कधी जवळ घेतली नाई, ताई. लाड केले नाई. सकाळी उठली का बांधीत, आली का चुलीत. वरून माही जीभ अशी. कोनी सांगावं, लोक खरंच म्हनत असतीन तं?"

त्या बाईला मुलीच्या डोळ्यांतलं पाणी गावाला दाखवायचं नव्हतं, स्वतःला बघायचं होतं. मी रुमालाचं सांगितलं. त्यांना इतकं हायसं वाटलं की जाताना माझ्या हातात घरच्या आंब्यांची पिशवी ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री फेशियलला आली. तोंडाला पॅक लावला की तो सुकेपर्यंत हलायचं नसतं, हसलं की त्याला भेगा पडतात. मी तिला तसं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि लगेच हसली.

"ताई, तुम्ही आमच्या मायसारख्याच बोलून राहिल्या!"

"म्हणजे कशी?"

"म्हंजे दटावून. पण आमची माय दटावते ना, तं हसू येते." मग तिने जे सुरू केलं ते संपेना. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात ओणव्या उभ्या बायांमध्ये अनुसयाबाई एकेकाच्या नकला करतात. सरपंचांची करतात, नणदेची करतात, आणि नवऱ्याची तर अशी करतात की बाया रोपांच्या जुड्या टाकून चिखलात बसतात. "बाबा बांधावर उभे असते न्, तरी करते. बाबालेच जास्त हसू येते." पॅकला इतक्या भेगा पडल्या की मला तो धुऊन पुन्हा लावावा लागला.

आता माझी पंचाईत बघा. काल माय स्टुलावर बसून म्हणून गेली की मी पोरीला काही दिलं नाही. आज पोरगी खुर्चीत बसून मायच्या गोष्टी सांगतेय आणि तिचा पॅक तडकतोय. दोघींच्या मधे मी एकटी जाणती, आणि माझा नियम आड येतो. अनुसयाबाईंना सांगून टाकावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा ठेवून दिला. एकदा नियम मोडला की तो पुन्हा पाळता येत नाही, हे मला माहीत होतं. पण मला चैनही पडत नव्हतं. रात्री मिस्टरांनी विचारलं, काय झालं, तर त्यांच्यावरच खेकसले.

लग्न सकाळच्या मुहूर्तावर होतं. एरवी नवरी तयार करून दिली की मी दुसऱ्या लग्नाकडे पळते. इतक्या नवऱ्या सजवल्या, पण त्यांच्या डोक्यावर अक्षता पडताना मी फार थोड्या बघितल्या, आणि पंगतीत बसून निवांत जेवले असं तर क्वचितच झालं. याची मला खंत आहे. त्या दिवशी मात्र अनुसयाबाईंनी बिदाईपर्यंत थांबवून घेतलं होतं. जेवले, दोनदा बुंदी घेतली, आणि ऊन कलायला लागल्यावर पर्स उघडून रुमाल तयार केला.

मंडपाच्या तोंडाशी फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. मायलेकी आपसात पोवारी बोली बोलतात, पण त्यांचं बोलणं मी इथे माझ्या झाडीबोलीतच लिहिते. भाग्यश्री एकेकाच्या गळ्यात पडत होती. वडील रडत होते, शेजारणी रडत होत्या, आत्या, म्हणजे तीच नणद, तर आपल्या मुलीच्या बिदाईचा हिशेब या बिदाईत चुकता करावा तशी रडत होती. भाग्यश्री सगळ्यांची समजूत घालत होती, आणि हसत होती. व्हिडिओवाला गोंदियाचा पोरगा, कॅमेरा घेऊन तिच्याभोवती फिरत कंटाळला होता. अनुसयाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून डोळ्याने खूण केली.

मी पुढे झाले आणि रुमाल भाग्यश्रीच्या हातात दिला. कोपरा वर करूनच दिला.

तिने तो नाकाशी नेला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "ताई, या रुमालाले बामचा वास काऊन येऊन राहिला?"

मी काहीतरी पुटपुटले, डोकं दुखतंय माझं म्हणून. तिने बरं म्हटलं, आणि मायच्या पाया पडायचं म्हणून रुमाल शेजारी उभ्या निखिलच्या हातात दिला. "धरा जी जरा."

आता हे गोंदियाचं मे महिन्यातलं ऊन, अंगात जाडजूड शेरवानी, डोक्यावर फेटा. नवऱ्या मुलाने हातात रुमाल आल्याबरोबर जे कुणीही केलं असतं तेच केलं. कपाळ पुसलं, डोळे पुसले, चांगले दाबून पुसले.

पुढच्या क्षणी निखिलच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तो जितकं पुसे तितक्या वाढत. नाक लाल, डोळे लाल. मंडपातलं सगळं रडणं थांबलं आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, "अगं बाई! जावईच रडून राहिला!" भाग्यश्रीने त्याला धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "उगी उगी. मी येऊन राहिली ना संगं, रडता कायले?"

पहिल्यांदा वडील हसले. मग शेजारणी. मग सगळा मंडप. आणि त्या सगळ्यांच्या वर एक खणखणीत हसणं ऐकू आलं, ते अनुसयाबाईंचं. बाई खांब सोडून पोट धरून हसत होत्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते, आणि ते हुबेहूब भाग्यश्रीचं हसणं होतं. तोच आवाज, तीच मान मागे टाकायची लकब.

हसता हसता त्या लेकीसमोर आल्या आणि इतके दिवस मनात धरून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. "का वं, मले सोडून जाताना तुले काहीच वाटत नाई?"

भाग्यश्रीचं हसू पुरतं गेलं नव्हतं. ती म्हणाली, "वाटते ना, माय. पन तुह्या घरी मी कधी रडत बसली का? तूच मले हसाले शिकवली. आता तुह्याच दारात रडून कायले जाऊ?"

अनुसयाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, बामाशिवाय आलं. मलाही रडू कोसळलं, आणि माझ्या पर्समध्ये एकही टिश्यू उरला नव्हता.

तेवढ्यात व्हिडिओवाला कॅमेरा खांद्यावर घेऊन मधे घुसला. त्याला त्याच्या कामाची काळजी. "आंटी, दुल्हन का रोने वाला शॉट तो मिला ही नहीं. दीदी को बोलो ना, थोड़ा सा रो दे. फिर गाड़ी निकालते हैं."

आत्या लगेच पुढे सरसावली, हो हो म्हणत. अनुसयाबाईंनी तिला हातानेच बाजूला केलं. पदराने डोळे पुसले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाई रडत माही पोट्टी. हसते तशीच काढ."

मग त्या कॅमेऱ्यासमोर लेकीच्या शेजारी उभ्या राहिल्या. काय करावं ते त्यांना कळेना, हात अवघडून दोन्ही बाजूंना लोंबत होते. शेवटी त्यांनी तो हळदीकुंकवाने माखलेला, शेतात राबून खरबरीत झालेला हात उचलला आणि मुलीच्या गालावर ठेवला, आणि ठेवूनच राहिल्या. माझा सकाळचा सगळा मेकअप त्या हाताखाली पिवळा झाला. भाग्यश्रीने डोळे मिटून गाल तसाच त्या हातात टेकवला. व्हिडिओवाल्याने मला खूण केली, मॅडम, चेहरा पुसा. मी जागची हलले नाही.